आधी उचला!

"वयाच्या बावन्नाव्या वर्षी मला शाळेत धाडतायत!" वस्तादांनी कार्यालयातून आलेलं पत्र जेवणाच्या टेबलावर आपटलं.

रुग्णवाहिकेवर बावीस वर्षं काढलेला हा माणूस. सगळे त्यांना वस्ताद म्हणत, आणि त्यांनाही ते मनापासून आवडे. पत्रात तीन दिवसांच्या प्रगत प्रशिक्षणाचा हुकूम होता. शेवटी परीक्षा, नापास होईल त्याला गाडीवरून उतरवून कार्यालयात फोन घ्यायला बसवणार.

"सही ठोकतो आणि घरी येतो. सगळे तेच करतात."

"घरी येऊन काय करणार?" बायको म्हणाली. "मागच्या रविवारी पंखा दुरुस्त करायला घेतलात, तो अजून चार तुकड्यांत पडलाय. शाळेतच बसा."

वाचकहो, वस्तादांना नावं ठेवण्याआधी आपणही आठवून बघू या. हजेरीपटावर सही करून मागच्या दाराने सटकलो नाही, असा आपल्यात कोण आहे?

इथे मात्र सटकता आलं नाही. शिकवायला उभी होती एक ठेंगणी, हसरी बाई, नऊ वर्षांपूर्वी वस्तादांच्याच हाताखाली तयार झालेली. तिने जमिनीवर रबरी पुतळा ठेवला. "याचं हृदय बंद पडलंय. चला, वस्ताद." वर्गातल्या बाकीच्यांना तिने पेशंटचे नातेवाईक बनवलं होतं. त्यांनी गलका केला, "अहो, आधी उचला! दवाखान्यात न्या!"

वस्तादांनी जेमतेम दहा वेळा छाती दाबली, पुतळा स्ट्रेचरवर घातला आणि धूम ठोकली. गाडीपर्यंत फक्त दोन मिनिटं! अशा वेगासाठीच तर त्यांचं नाव होतं. ते ऐटीत परत आले.

"वेळ झकास," बाई म्हणाली आणि तिने पडद्याकडे बोट दाखवलं. पुतळ्याला जोडलेल्या यंत्राने दोन मिनिटांची सरळ रेघ ओढली होती. "पण एवढा वेळ मेंदूला रक्तच पोचलं नाही. पेशंट गेला."

खोलीत हशा पिकला. वस्तादांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पुतळ्याचं काय सांगतेस, पोरी! मी खरी माणसं उचललीत!"

"पळायला मी तुमच्याकडूनच शिकले, वस्ताद. तेव्हा गाडीत ऑक्सिजनशिवाय काही नव्हतं, मग पळण्यावाचून इलाज काय होता? आता शॉकचं यंत्र आहे, औषधं आहेत. दवाखान्यात पहिल्यांदा जे करतील, ते आपण जागेवरच करू शकतो. उचलून पळताना दाबणारे हात थांबतात."

वस्ताद पुतळ्यापाशी खाली बसले. मग हलकेच म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी..."

ती त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. "तेव्हा जे ठाऊक होतं ते तुम्ही जीव तोडून केलंत. त्यात तुमचा दोष नाही. पण आज कळल्यावरही केलं नाहीत, तर मात्र दोष तुमचाच!"

वस्ताद तीनही दिवस शेवटपर्यंत थांबले. गुडघे सुजले. घरी त्यांनी उशीवर सराव केला, तेव्हा बायकोने उशीची शिवण उसवल्याबद्दल वेगळी परीक्षा घेतली. औषधांच्या पेपरात कसेबसे तरले, पण पास झाले!

पुढच्याच आठवड्यात, सकाळी अकराला, एक शिंपी मशीनवरच कोसळल्याचा फोन आला. दुकान जवळच होतं. आत एक गिऱ्हाईक बाई फोनवरच्या सूचना ऐकत त्याची छाती दाबत होती. दारात वीसेक माणसं. "बघताय काय? आधी उचला!" म्हणत शिंप्याचा भाऊ वस्तादांचा दंड ओढू लागला.

वस्तादांचे पाय शिवशिवले. बावीस वर्षांची सवय ती! पण ते गुडघ्यांवर बसले.

"दादा, यांचं हृदय बंद आहे. ते सुरू करायचं सामान माझ्यापाशी आहे. मला इथेच काम करू द्या!"

गाडी चालवणाऱ्या ताईने यंत्र लावलं. एक शॉक. पुन्हा दाबणं. गर्दीतून कोणी तरी शिवी हासडली. वस्ताद मोठ्याने आकडे मोजत राहिले. दुसरा शॉक. पुन्हा दाबणं. आणि आठव्या मिनिटाला मानेपाशी नाडी लागली!

थोड्या वेळाने शिंपी कण्हला, "छाती... दुखतेय."

"दुखणारच! मी दाबलीय!" वस्ताद एकाच वेळी हसत होते आणि रडत होते. दुकानात टाळ्यांचा कडकडाट झाला. मगच त्यांनी स्ट्रेचर उचललं, तेही सावकाश.

चार दिवसांनी शिंप्याचा भाऊ रुग्णवाहिकेच्या केंद्रावर आला. त्याची नजर वर होईना. "मी तुम्हाला ओढत होतो. तुम्ही माझं ऐकलं असतं तर?"

"अहो, महिन्यापूर्वी ऐकलंच असतं," वस्ताद म्हणाले. "तुमचं नाही, आपल्या सगळ्यांचंच हे अडाणीपण. रविवारी गल्लीतल्या चार जणांना घेऊन या. छाती कशी दाबायची ते शिकवतो."

रविवारी चाराच्या जागी चाळीस माणसं आली!

मित्रहो, अनुभव ही मोठीच कमाई. पण शिकणं थांबलं की तोच अनुभव आपल्याला अडवतो. ज्यांच्या हाती दुसऱ्याचा जीव आहे, त्यांनी शिकायला कधी लाजू नये. आणि आपण? आपण त्यांचा हात ओढू नये. जमलं तर त्यांच्या हाताला हात द्यायला शिकावं.