वैकुंठातली घंटा

कोपरच्या खाडीकडच्या चाळीत गुरुवारी दुपारी चपलांचा ढीग दिसला की समजायचं, आज पुन्हा कुणाचा तरी मेलेला माणूस बोलणार. बायका दारापर्यंत दाटलेल्या, पुरुष खिडकीला लटकलेले. आत पाटावर एक जुना कॉम्प्युटर, त्याला झेंडूचा हार, पुढ्यात काळा माइक, बाजूला भगव्या वस्त्राखाली काहीतरी झाकलेलं. शेजारी भगव्या सदऱ्यात ध्वनिनाथ महाराज.

मी इतके बुवा पाहिलेत की आता राग येत नाही, कंटाळा येतो. एकानं लिंबातून रक्त काढलं, दुसऱ्यानं पाण्यानं दिवा पेटवला. हे नव्वदनंतरचे, म्हणून यांनी मशीन आणलं, एवढंच.

"यंत्र भंगारातलं दिसेल," महाराज सांगत होते, "पण आत्म्याला कसलं नवंजुनं? वागळे इस्टेटीत धूळ खात पडलेलं. मी हात ठेवला आणि त्यानं मला नावानं हाक मारली!"

"कुठल्या नावानं, महाराज?" खिडकीतून कुणीतरी ओरडलं. "ध्वनिनाथ, की शाळेतल्या?"

हशा पिकला. महाराजही हसले. हुशार माणूस.

त्यांची रीत ठरलेली. बाईनं माइक हातात धरायचा आणि महाराज सांगतील तो नवस शब्दाला शब्द बोलायचा. पडद्यावर हिरवी रेघ थरथरायची. "बघा, प्राण!" मग महाराज डोळे मिटत, उजवा हात वस्त्राखाली घेत, मंत्र पुटपुटत. थोड्या वेळानं स्पीकरमधून जाड, ओढलेला पुरुषी आवाज यायचा आणि तोच नवस परत बोलायचा.

"तेच शब्द का, महाराज?"

"होकार असाच येतो. आणि वैकुंठ लांब आहे, आई. शब्द चालून चालून थकतात, म्हणून आवाज ओढत येतो."

आवाजामागून घंटा वाजायची. खोल, घुमणारी. ती ऐकली की सगळी खोली हात जोडायची.

त्या गुरुवारी माइकपुढे सगुणा बसली होती. माझ्या दोस्ताची, दाजीची बायको. कोपरभर मासळी विकणारी, खणखणीत गळ्याची बाई. तिचा मुलगा गुणाजी आदल्या पावसाळ्यात खाडीत गेला, होडी उलटी सापडली, तो सापडलाच नाही. सगुणा त्याचं दिवसकार्य करू देईना. सून मालू तरुण. तिच्या माहेरचे ठाकुर्लीहून येऊन सांगून गेले होते, पोरीला पाठवा, आम्ही तिचा दुसऱ्या घरी पाट लावून देतो. सगुणा म्हणाली, "माझा पोर सांगंल तसं करीन." आणि पोराला विचारायला इथं आली.

"म्हणा आई," महाराज म्हणाले. "मालू मठात राहील. मी येईन."

मठ महाराजांचाच. सगुणानं म्हटलं. कोपऱ्यात मालूनं पदर तोंडात धरला.

मग मंत्र, वस्त्र, आणि स्पीकर घरघरला. "मा...लू... म...ठा...त..."

"माझ्या गुणाजीचाच हाय!" सगुणा रडायला लागली. "घरचा आवाज मला कळत नाय व्हय?"

घंटा घुमली. सगळे वाकले.

माझ्या शेजारी मालनबाई उभ्या होत्या. आमच्या प्रौढ वर्गाच्या शिक्षिका. म्हातारपणी मी त्यांच्याकडेच अक्षरं गिरवली. त्या हळूच म्हणाल्या, "आबा, मागच्या वेळी रखमाबाईंना घंटा का वाजली नव्हती?"

"ती पापी, म्हणाले महाराज."

"आणि गंगुबाईंना?"

"तिलाही नाही."

"दोघी विधवा," बाई म्हणाल्या, आणि सगुणाच्या हिरव्या चुड्याकडे बघत राहिल्या. मग बाहेर ओट्यावर बसलेल्या रखमाबाईकडे गेल्या. त्यांच्यात काय बोलणं झालं, त्यातला शेवट मी ऐकला.

"घाल गं पोरी," रखमाबाई म्हणाली. "नवरा गेला. हात तर माझाच हाय."

बाई आत आल्या. "महाराज, रखमाबाईंना आणखी एकदा संधी द्या. फार रडतात हो."

गर्दीसमोर दयाळू दिसायची संधी महाराज सोडतात होय? रखमाबाईनं पदराखाली हात घेऊन माइक धरला, नवस बोलली. मंत्र, वस्त्र. आवाज आला आणि मागून घंटा वाजली.

"पाप फिटलं!" गर्दी ओरडली.

मालनबाईंनी रखमाबाईचा हात वर केला. त्यात सगळ्यांदेखत काचेच्या बांगड्या. "पाप फिटलं नाही. बांगड्या घातल्या. माइकपाशी त्या किणकिणतात, आवाज हळू केला की किणकिणीची घंटा होते."

महाराज उठले. मासळीबाजारच्या बायका त्यांच्याभोवती उभ्या राहिल्या, तेव्हा पुन्हा बसले.

मालनबाईंच्या शाळेत असलंच मशीन होतं. त्यांनी वस्त्र ओढलं, खाली कीबोर्ड होता. "माइक आवाज आत देतो, हे मशीन तो साठवतं. मग वेग निम्मा करायची सोय यातच आहे. वेग कमी झाला की आवाज जाडही होतो. बाईचा पुरुषी वाटतो." त्यांनी सगुणाचा आवाज शोधून लावला. मग वेग वाढवला. खोलीत सगुणाच बोलली, बाजारात बोलते तशी खणखणीत: मालू मठात राहील, मी येईन. मागं चुडा वाजला.



"म्हंजे घरचा वाटला..." सगुणा म्हणाली.

"घरचाच होता, मावशी. तुमचाच."

तिनं पडद्यावरच्या रेघेवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "बाई, एकदा तसाच लावा. हळू."

मालनबाईंनी वेग निम्मा केला. मग त्यांनी लावला. सगुणानं शेवटपर्यंत ऐकला, डोळे पुसले आणि कोपऱ्यात वळून म्हणाली, "मालू, ऊठ. पिशवी भर. ठाकुर्लीला मी सोडते तुला."

महाराज त्याच आठवड्यात मशीन घेऊन गेले. कल्याणला दिसले म्हणतात. दिसणारच. हे गेले तरी दुसरा येईल, त्याच्याकडे आणखी नवं मशीन असेल. मी थकलोय, पण एवढं सांगतो. चमत्कार कुणाकुणाला घडला हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, तो कुणाला घडला नाही, आणि का नाही. मेलेल्यासाठी रडा, त्यात लाज नाही. पण जिवंत पोरीचं आयुष्य कुणाच्या वस्त्राखालच्या हातात देऊ नका.

आणि हो, रखमाबाईनं त्या बांगड्या परत काढल्या नाहीत. कुणी टोकलं तर हात हलवून वाजवून दाखवते.