बॉक्सला ओवाळलेली उदबत्ती

तोफखान्यात सतरा वर्षं काढून नाथाजी कराडला परतले, ते कान तोफांना देऊनच. जाड आवाज यायचा, बारीक आवाज पार गायब. पण हे त्यांनी कुणाला, अगदी बायकोला, रंगूबाईंनाही सांगितलं नव्हतं. सांगतील कसे? बेस स्पीकरचे बॉक्स बांधून पोट भरणाऱ्यालाच ऐकू येत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक कशाला दारात उभं राहील! झाकली मूठ सव्वा लाखाची. बॉक्सवर तळवा ठेवायचा, थरथर अजमावायची आणि गंभीर चेहऱ्यानं मान डोलवायची. आठ वर्षं असं निभावलं.

ह्या खेपेचं गिऱ्हाईक मात्र अवघड होतं. जतकडचा बिराप्पा, धनगरी ढोलांचा म्होरक्या. कळपात कोकरू खोकलं तरी कोणतं ते सांगणारा माणूस. सांगलीच्या मैदानात भाड्याच्या बॉक्समधून त्याचा ढोल नुसता घुमला होता, विहिरीत धोंडा पडल्यासारखा. ढोल ढोलासारखा वाजावा, एवढंच त्याचं मागणं. म्हणून नाथाजींनी अठरा इंची स्पीकर बाजूला सारून हलक्या, ताठ पडद्याचा पंधरा इंची निवडला. थाप पडली की हलावा आणि लगेच थांबावा. त्याच्या मापानं प्लायवूडचं खोकं बांधलं, आतून टेकू दिले.

बिराप्पा यायच्या आदल्या दुपारी त्यांनी बॉक्समधून खर्जातला सूर वाजवून त्यावर तळवा ठेवला. थरथर झकास होती. तेवढ्यात रंगूबाई पेटती उदबत्ती घेऊन आल्या. नवी वस्तू, ओवाळायला नको का, म्हणाल्या. ओवाळता ओवाळता त्यांचा हात मागच्या कोपऱ्यापाशी थांबला तो थांबलाच. तिथला धूर सरळ वर जायचं सोडून फुरफुर उडत होता.

सांध्यात फट होती. तिथून वारा शीळ घालत असणार, आणि बिराप्पानं ती उंबऱ्यातूनच ऐकली असती. नाथाजींनी स्पीकर उतरवून आतून फट भरली. मग त्यांच्या ध्यानात आलं, आजवरच्या प्रत्येक बॉक्सला हिनं अशीच उदबत्ती ओवाळली होती. त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"कवापासनं म्हाईत हाय तुला?"

"पयल्या बॉक्सापासनं," म्हणून रंगूबाई चहा ठेवायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी बिराप्पानं माईकसमोर ढोल धरला. तीनदा वाजवून पाहिला आणि नाथाजींकडं वळला.

"मेजर, तुमी सांगा. काठीचा बारीक आवाज येतुया का?"

मान डोलवली असती तर भागलं असतं. पण नाथाजींनी बॉक्सवरचा हात काढला.

"मला बारीक आवाज ऐकू येत न्हाई, बिराप्पा. आमच्यात ऐकायचं काम हिचं हाय."

बिराप्पानं रंगूबाईंकडं तोंड करून पुन्हा ढोल वाजवला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. काठी येती, म्हणाल्या, पर डाव्या अंगाचं कातडं जरा ढिलं पडलंय. बिराप्पानं बोटानं चाचपून पाहिलं आणि दोरी आवळली.

"अजून एक बॉक्स करा, मेजर," तो म्हणाला. "पर वैनीस्नी ऐकवूनच द्या."

नाथाजींना एकदम हलकं वाटलं. रंगूबाई चहासाठी आत निघाल्या होत्या, त्यांना त्यांनी हाताला धरून खाली बसवलं. तू ऐकत बस, म्हणाले, चहा मी ठेवतो.