फ्लियाचे थर

इटलीला समुद्रातून आलेली, आपल्या दारात नको असलेली माणसं आमच्या गावाच्या टोकाला, अल्बानियात, कुंपणाच्या छावणीत ठेवायची होती. भाड्याने जागा देणाऱ्यांनी दिली. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकवलं असतं.

त्या सकाळी विमानतळाकडे निघालेली छावणीची गाडी शेळ्यांच्या कळपामुळे माझ्या फाटकापाशी अडली, आणि एक तरुण तिच्यातून उडी टाकून थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरला. रिफात नाव, इजिप्तचा. इटालियन मी टीव्ही बघून शिकलेय, त्याला मोडकीतोडकी येत होती. मायदेशी उतरलो की तुरुंग, असं तो म्हणाला. ही पाठवणी थांबवावी म्हणून त्याच्या वकिलाने रोमच्या न्यायाधीशाकडे अर्ज केला होता. निकाल संध्याकाळी लागणार आणि विमान दुपारचं.

मी त्याच्यापुढे पाव आणि मीठ ठेवलं. त्याने घास खाल्ला आणि तो माझा पाहुणा झाला. आता त्याच्या केसाला धक्का लागला असता, तर तोंड माझं काळं झालं असतं.

मागोमाग पाश्क आला. माझ्या बहिणीचा मुलगा, छावणीवर पोलीस आहे. अंगणातच थांबला.

"मावशी, त्याला बाहेर पाठव. नोकरी जाईल माझी."

"जेवून उठला की पाठवते. तूही बस."

"जेवायला काय केलंयस?"

"फ्लिया करतेय."

पाश्कने कपाळाला हात लावला. फ्लिया म्हणजे पिठाचा पातळ थर ओतायचा, वर निखाऱ्यात तापलेलं झाकण ठेवायचं, भाजला की साय लावून पुढचा थर, असं तासन्‌तास. मी तर अजून चूलही पेटवली नव्हती. आणि पाहुण्याला ताटावरून उठवणाऱ्याला आमच्या गावात पुन्हा कुणी दारात उभं करत नाही, मग तो पोलीस असो की बिशप.

त्याचा फोन सारखा वाजत होता. वरचा इटालियन साहेब ओरडायचा, पाश्क "आणतो" म्हणायचा. मग माझ्यावर भडकला. नोकरी गेली तर त्याच्या मुलींना काय मी पोसणार का, म्हणाला. पोसेन, म्हटलं. आणि पळीने पुढचा थर ओतला.

दुपार कलायला लागली तरी विमान रिफातसाठी थांबलं होतं, आणि माझं पीठ तळाला गेलं. पाश्क उठून चुलीपाशी आला, भांड्यात डोकावला. आता हा रिफातचा दंड धरतो, असं मला वाटलं.

"थर कमी पडतायत, मावशी," तो म्हणाला, आणि कोठीतून पिठाचं पोतं खांद्यावर घेऊन आला.

शेवटी विमान रिफातला न घेताच गेलं. दिवस मावळताना साहेब स्वतः गाडी घेऊन आला. न्यायाधीशांनी पाठवणी थांबवली होती. रिफातला बोटीने इटलीला न्यायचं होतं. दिवसभर काय करत होतास, म्हणून साहेबाने पाश्कला झापलं. पाश्क तोंडात घास असतानाच म्हणाला, "जेवण चाललं होतं."

साहेबाने रिफातला गाडीत बसायला सांगितलं. मी मध्ये उभी राहिले. आमच्याकडे पाहुण्याला वाटेला लावतो तो घरधनी, शिपाई नव्हे. मीही गाडीत बसले आणि बोटीच्या धक्क्यापर्यंत गेले. तिथे रिफातचा हात साहेबाच्या हातात दिला.

"इथवर माझा पाहुणा होता," मी म्हटलं. "आता तुमचा आहे. कसा आहे ते विचारायला मी फोन करणार, आणि तुम्ही तो उचलणार."