खंबाटकीत अडकलेली गाडी

माझं डोकं लवकर तापतं, हे सातारच्या सदरबझारापासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आई म्हणते, "आमच्या मायाच्या नाकावर माशी बसत न्हाई." नसेल बसत. पण त्या रविवारी माझ्या जागी कुणी साधुसंत असता, तरी त्यानं कमंडलू फेकून मारला असता.

साल पंच्याण्णव. मी सांगलीत देवदत्त सरांच्या दुकानात कॉम्प्युटर जोडायची. जोडता जोडता प्रोग्रॅम लिहायला शिकले आणि एक गेम केला. खंबाटकीच्या घाटातून एस.टी. खाली आणायची, बास. पण त्यात वळणं होती, समोरून उसाचे ट्रॅक्टर होते, कठड्यावर माकडंसुद्धा होती. आमचे आबा सातारा डेपोला ड्रायव्हर. त्यांच्या मागच्या सीटवर बसून तो घाट मी इतक्यांदा बघितला होता, की डोळे मिटून काढता आला असता.

पुण्याचे मधुकर आगाशे म्हणून एक गृहस्थ गेम बनवणारी कंपनी काढत होते. त्यांना सरांकडून कळलं. त्यांचा निरोप आला, "रविवारी कोल्हापूरला जाताना साताऱ्यात तासभर उतरतो. गेम दाखवा. पसंत पडला तर कामावर घेतो."

तेवढ्यात, आधी डी.एड. झालेलं असल्यानं, माझी प्राथमिक शाळेवर नेमणूक आली, म्हसवडच्या पलीकडं. म्हसवड आमचं मूळ गाव, सिद्धनाथ आमचा देव, आज्ज्याची मेंढरं तिथंच चरली, लहानपणी आबांनीच राखली. गावाला मी नावं ठेवत नाही. पण मला शाळेत शिकवायचं नव्हतं, मला गेम बनवायचे होते. आबांनी एका वाक्यात निकाल लावला. "त्या मानसाला पसंत पडलं तर पुन्याला जा. न्हाई पडलं तर सोमवारी शाळंवर हजर हो. मागनं रडायचं न्हाई."

आबा असेच. जास्तीचा शब्द नाही आणि बोललेला शब्द मागं नाही.

माझ्या फौजी भावानं, धनाजीनं, सुट्टीवर आल्यावर मला कॉम्प्युटरचे सुटे भाग घेऊन दिले होते. ते मी सरांच्या दुकानात जोडले. नवं कोरं मशीन! शनिवारी ते गोधडीत गुंडाळून एस.टी.नं साताऱ्याला आणलं. पुण्याचं जमलं तर तेच मशीन घेऊन जायचं होतं. घरी आल्यावर जोडलं, चालू केलं आणि गाडी घाटातून अशी झरझर उतरली की शेजारची पोरं ओरडायला लागली. सेकंदाला किती चित्रं बदलतात, तो आकडा मी पडद्याच्या कोपऱ्यात दाखवला होता. चोवीस. चोवीस म्हणजे सिनेमा!

आईनं लगेच पूजा केली. हळदकुंकू, नारळ आणि मशीनच्या डब्याला पुढून झेंडूचा घसघशीत हार. मी म्हटलं, "अगं, ही काय दसऱ्याची एस.टी. आहे?" ती म्हणाली, "येंत्र ते येंत्र." आबा ड्युटीवरून आले आणि खाकी कपड्यांतच मशीनसमोर बसले. हार बाजूला सारून त्यांनी काहीतरी विचारलं. मला सडकून भूक लागली होती. "स्पीड हो आबा, स्पीड," असं काहीतरी बोलून मी जेवायला गेले.

जेवून आले आणि गाडी सुरू केली, तर काय? लग्नातली नवरी चालते तशी ती पावलं मोजत निघालेली. थांबतेय, सरकतेय, परत थांबतेय. कोपऱ्यात आकडा अकरा.

चोवीसचे अकरा!

बंद करून परत चालू केलं. अकरा. व्हायरस असेल म्हणून खात्रीच्या स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू केलं. अकरा. डबा उघडला, मेमरीच्या पट्ट्या काढल्या, खोडरबरनं त्यांचे पितळी दात घासले आणि परत बसवल्या. एस.टी.च्या धक्क्यांनी काही हललं असेल म्हणून डिस्प्ले कार्ड काढून घट्ट दाबलं. अकरा म्हणजे अकरा! दर खेपेला आई आधी तो हार उतरवून द्यायची आणि काम झालं की परत घालायची. मी म्हणाले, "राहू दे ना तो हार." ती म्हणाली, "देवाचा हाय. काढून टाकायचा नसतो."

रविवारी सकाळी बूथवरून सरांना फोन केला, तर त्यांच्या मातोश्री म्हणाल्या, तो इस्लामपूरला लग्नाला गेलाय. बरं! बरोबर आजच मुहूर्त निघाला!

परत येताना दादासो काकांची पिठाची गिरणी दिसली आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. गिरणी आमच्या भिंतीला लागून. मोटर चालली की आमचा बल्ब मिणमिणायचा. व्होल्टेज! तरातरा गेले आणि म्हटलं, "काका, तासभर गिरणी बंद ठेवा."

"आगं, गिऱ्हाइकं हैत. बायका डबं घिऊन उभ्या हैत."

"माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे, आणि तुम्हाला ज्वारीची पडलीय!"

काकांनी पट्टा उतरवला आणि रांगेतल्या बायकांना म्हणाले, "थांबा गं जरा. आकारामच्या पोरीचं कायतरी अडलंय." भला माणूस. मी पळत घरी. बल्ब ढणढणीत पेटलेला, आणि कोपऱ्यात अकरा.

आगाशे यायला थोडाच वेळ उरलेला. मशीन सुधारत नाही तर निदान गेम तरी सुधारावा म्हणून मी झाडं उडवली, माकडं उडवली, लांबचे डोंगर पुसले. काढायचं कमी तर मशीनला काम कमी. आकडा तेरावर गेला. तरी गाडी रांगतेच. शेवटी एक जुगाड केला. दर चित्रामागं गाडी जेवढी पुढं सरकायची, त्याच्या दुप्पट सरकवली. वेग आला, पण गाडी उड्या मारत चालली. घाटातली एस.टी. नव्हे, बेडूक.

आबा दारात उभे राहून हे सगळं बघत होते. त्यांची दुपारची ड्युटी, खाकी कपडे चढवलेले. मध्येच म्हणाले, "चाललीया की. दमानं चालतीया, पर चाललीया."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" मी खेकसले.

आगाशे आले. उंच, चष्मेवाले, घाईतले. आईनं चहा दिला, तो त्यांनी उभ्या उभ्याच घेतला. मग खुर्चीवर बसले आणि मी गेम सुरू केला. गाडी उडी मारत पहिल्या वळणाला आली. दुसऱ्या वळणाला समोरचा ट्रॅक्टर अचानक अंगावर उगवला आणि गाडी कठड्यावर आदळली. आगाशेंनी गेम परत सुरू केला, गाडी परत आदळली.

"कल्पना चांगली आहे," ते म्हणाले.

कल्पना चांगली आहे म्हणजे बाकी सगळं वाईट आहे, हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते.

"सांगलीत नीट चालत होता," मी म्हटलं. "काल इथंसुद्धा नीट चालत होता. देवाशप्पथ!"

"असं होतं कधी कधी." त्यांनी घड्याळ बघितलं. "माझी गाडी चुकेल. तुम्ही अजून वर्षभर मेहनत करा, मग बघू." आणि दारात जाऊन बूट घालायला वाकले.

वर्षभर! सोमवारी मी शाळेवर हजर होणार होते. माझ्या डोळ्यांपुढं म्हसवडची एस.टी. उभी राहिली, तिच्यात माझी वळकटी. असा संताप आला की काय करू कळेना. समोर तो हार डुलत होता. मी तो धरला आणि ओढून तोडला. फुलं खोलीभर उधळली.

"आगं माझ्या कर्मा!" आई किंचाळली.

हाराखाली डब्याच्या तोंडावर लाल आकडा पेटला होता. तेहतीस.

तिथं सहासष्ट हवं होतं. तो आकडा मशीनचा वेग दाखवतो. त्याच्याच खाली टर्बोचं बटण असतं. दाबलेलं असलं की मशीन पूर्ण वेगात, वर आलं की निम्म्यावर. फार जुने गेम नव्या मशीनवर पळत सुटतात, त्यांच्यासाठी ती सोय. शहाणा माणूस एरवी त्याला हात लावत नाही. पट्ट्या घासल्या, कार्ड दाबलं, दुसऱ्याची गिरणी बंद पाडली, पण नाकासमोरचं बटण मी बघितलं नाही. आणि ते आपोआप वर येत नाही. कुणीतरी दाबावं लागतं.

मी मागं वळले. आबा दारात होते.

"तुम्ही दाबलंत हे?"

"व्हय," आबा म्हणाले.

"मुद्दाम?"

"व्हय. मुद्दाम."

मग माझा तोल गेला. पाहुणा उभा आहे, आई उभी आहे, काही सुचलं नाही. "मी पुण्याला जायला नकोच होतं तुम्हाला! सरळ नाही म्हणायची छाती नव्हती, म्हणून हे केलंत! मला शेरडांमागंच बांधायची होती ना? बांधा! मेंढरं राखणाऱ्याला मेंढरापलीकडं दिसतंय काय!"

दादासो काकांची गिरणी अजून बंदच होती, त्यामुळं माझा शब्द न् शब्द गल्लीत गेला असणार.

आबा शांतपणे म्हणाले, "नवं इंजान हाय. रनिंगमंदी हाय. नव्या इंजनाला पयल्यांदा चाळिसाच्या वर न्यायचं न्हाई, न्हाईतर ते जाम बसतं. ही बया पयल्याच दिशी सहासष्टनं सुटली हुती. तू म्हनलीस, स्पीड हाय. मी बटान दाबून बगितलं, तेहतीस झालं. म्हनलं, ब्येस." एवढं बोलून ते बाहेर ओट्यावर गेले.

आगाशे एक बूट घालून तसेच उभे होते. त्यांनी तो काढला आणि परत आत आले. "जाऊ दे ती कोल्हापूरची गाडी," ते म्हणाले. "दाबा ते बटण."

मी दाबलं. सहासष्ट. गाडी सुरू केली आणि ती सुटली ती थेट दरीत! मीच तिला दुप्पट पळवून ठेवली होती ना. घाईत तीनदा चुकीचं अक्षर दाबलं. ते एक गणित परत पहिल्यासारखं केलं, झाडं आणली, डोंगर आणले, माकडं आणली. आगाशे शेजारी बसून मी काय बदलतेय ते बघत होते. परत सुरू केलं. चोवीस.

गाडी घाट उतरायला लागली. लोण्यातून सुरी जावी तशी. आगाशेंनी स्वतः पूर्ण घाट उतरवला, मग परत वर जाऊन उतरवला. माकडाला बघून हसले. मला हसू येत नव्हतं. माझं सगळं लक्ष दाराकडं.

"हे सगळं तुम्ही एकटीनं लिहिलंत?"

"हो."

"आणि आता माझ्यासमोर जे बदललंत, तेही पाठ आहे तुम्हाला." ते उठले. "एक तारखेला पुण्याला या. मशीन घेऊन या." मग दारात बूट घालताना हळूच म्हणाले, "वडिलांना आधी भेटा."

ते गेले. आई खाली बसून फुलं वेचत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता गं? का माझ्याकडं बघतीयास? जा की भाईर."

आबा ओट्यावर बसले होते, पिशवी शेजारी, ड्युटीला निघायच्या बेतात. मी त्यांच्यापुढं उभी राहिले.

"चालली का?" त्यांनी विचारलं.

"चालली. एक तारखेला बोलावलंय."

त्यांनी मान हलवली.

"आबा, मला सांगायचं तरी होतं."

"तुला सांगितलं असतं तर तू वसकन अंगावर आली असतीस." ते जरासे हसले. मग पिशवीचा बंद गुंडाळत म्हणाले, "माये, ही गाडी तुज्यासंगं पुन्याला जानार. तिथं इंजान बसलं तर तुजं कोन हाय तिथं? म्हनून म्हनलं, हितं हाय तवर रनिंग पुरी करून द्यावी."

"म्हणजे मी जाणार, हे तुम्ही धरूनच चालला होता?"

"मंग? सांगलीची गाडी आनली की दुकानात बगतोय तुजं काम, चार म्हैनं झालं. त्यो मानूस न्हाई म्हनंल आसं मला कवाच वाटलं न्हाई."

"मग सोमवारी शाळेवर हजर हो म्हणून दम का देत होता?"

शेजारी दादासो काकांनी पट्टा चढवला आणि गिरणी घरघरायला लागली, म्हणून आबांना जरा मोठ्यानं बोलावं लागलं.

"जा म्हननं सोपं हाय व्हय गं? येकदा जा म्हनलं की पोरगी जाती."

मी तिथंच ओट्यापाशी खाली बसले आणि भोकाड पसरून रडले. मघाशी मेंढरांवरून जे बोलले होते, ते शब्द तोंडातून काढून परत गिळता आले असते तर गिळले असते. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला. मग फलटणच्या गाडीची वेळ झाली म्हणून पिशवी उचलली आणि डेपोकडं चालत गेले.