पुलावरची पहिली ट्राम

पहिली ट्राम डेपोतून निघाली तेव्हा धुक्यात रूळ दोन हातांपलीकडे दिसत नव्हते. चाकांचा आवाजसुद्धा उशीखालून आल्यासारखा येत होता. पुढे हँडलवर दादा आणि मागे गळ्यात तिकिटांची पिशवी अडकवून त्याची धाकटी बहीण. आज आठाच्या ठोक्याला ही गाडी पुलाच्या मधोमध थांबायची होती, ती पुन्हा न हलण्यासाठी.

पुलावर रूळ एकच. पहिली थांबली की मागच्या तेरा थांबणार. पुलाचा खडखडाट बंद पडला की काठावरचे कारखाने यंत्रं बंद करणार, आणि मग राजवाड्यात सत्ता बळकावून बसलेला सेनापती किती दिवस तग धरतो ते बघू, असा बेत. अलीकडची वस्ती आपली होती. पलीकडे दवाखान्यापाशी शिपायांची चौकी होती, आणि चौकीत कालच निघालेलं दादाच्या नावाचं वॉरंट.

याआधीच्या पुढाऱ्यांनी गच्चीवरून घसे फोडले होते आणि लोकांनी टाळ्या वाजवून घरची वाट धरली होती. दादाला तर चार वाक्यं सलग बोलता येत नसत. तो नुसता ऐकून घ्यायचा. वीस वर्षांत त्यानं एकाही प्रवाशाला अध्येमध्ये उतरवलं नव्हतं. त्याचा हुकूमही एकच होता, "मी थांबलो की थांबा." एवढ्यावर तेरा ड्रायव्हर जीव द्यायला तयार! बहिणीला हे कोडं कधी सुटलं नाही. घरातला साधा दिवा बदलायला या माणसाच्या तीनदा मागे लागावं लागे.

गाडीत एकच प्रवासी होती, मांडीवर डबा घेतलेली म्हातारी. "दवाखाना," ती म्हणाली.

"आजी, आज पुलाच्या अलीकडेच उतरा. गाडी पुढे जायची नाही," बहीण म्हणाली.

"अगं बाई, या पायांनी पूल कसा ओलांडू? आमचे हे तिकडे वाट बघत असतील."

दादानं मागे वळून पाहिलं. मग पुन्हा हँडलकडे वळला.

पुलाचा मध्य आला. आठ वाजले. गाडी तशीच पुढे सरकत राहिली. बहीण त्याच्या पाठीकडे बघत राहिली. घाबरला की काय हा? की आतून मिळालाय त्यांना? ज्याच्या कडेवर ती लहानाची मोठी झाली, त्याच्याबद्दल असलं तिच्या मनात आलं. मागच्या गाडीचा पिवळा दिवा धुक्यात विरून गेला.

दवाखान्यापाशी दादानं म्हातारीला हात धरून उतरवलं, पायरीपर्यंत पोचवलं. शिपाई तोवर जवळ आलेच होते. ज्याच्याशिवाय गाडी हलत नाही ते पितळी हँडल त्यानं काढून बहिणीच्या हातात दिलं.

"दादा, अरे हे काय केलंस तू!"

"तिला सोडायलाच हवं होतं गं," तो म्हणाला. त्याला घेऊन ते धुक्यात शिरले. काही क्षण बुटांचा आवाज आला, मग तोही थांबला.

ती हँडल छातीशी धरून पुलावरून माघारी चालू लागली. दादा थांबला नाही हे मागच्यांना कळलंच, आता गाड्या येतच असणार. किती वर्षांची तयारी एका डब्यापायी मातीत! ती कान देऊन चालत होती. खडखडाट काही येईना. खाली पाणी होतं आणि वर नुसतं पांढरं.

पुलाच्या मधोमध दुसरी गाडी उभी होती, तिच्यामागे तिसरी, मग दिवेच दिवे. काठावरचे कारखाने गप्प होते. दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरून विडी ओढत होता. अंगावर मूठभर मांस नाही म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत.

"तो पुढे गेला, तरी तुम्ही का थांबलात?" तिनं विचारलं.

"घ्या! आठ वाजले म्हणून थांबलो. तो गेला म्हणजे गाडीत कोणीतरी दवाखान्याचं असणार. येईल की सोडून."

"तो नाही यायचा, पैलवानदादा. नेलं त्याला."

विडी त्याच्या बोटांतच विझली.

"आणि प्रवासी? नीट उतरला ना?"

"उतरली," ती म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना. तेरा जणांना जे न बघता कळलं, ते सख्ख्या बहिणीला एकाच गाडीत असून कळलं नव्हतं.

पैलवानानं आपल्या गाडीचं हँडल काढलं, काखेत मारलं आणि मागच्या गाडीकडे बातमी सांगायला निघाला.