नाकातलं पन्नास ग्रॅम

मी पन्नास ग्रॅमचं वजन बोलतोय. तराजूतलं, लोखंडी, षटकोनी. सध्या माझा मुक्काम एका विमानाच्या नाकात आहे. हसू नका. विमान थर्माकोलचं आहे, रिमोटवर उडतं, आणि माझ्यावाचून उडत नाही. यातली शेवटची गोष्ट कोणाच्या लक्षातच येत नाही, हेच माझं दुखणं.

मोर्शीच्या बाजारात उत्तमरावांच्या दुकानात मी आलं-मिरच्या तोलायचो. किलोच्या वजनावर मी तेव्हाही जळायचो. संत्री त्याच्या वाट्याला, लसणाचे गड्डे माझ्या. मग इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि आम्ही सगळेच डब्यात गेलो. किलोही गेला, तेवढंच समाधान.

उत्तमरावांची मोनाली अमरावतीला इंजिनिअरिंग शिकते. सुट्टीत तिने घरी विमान बनवलं. पंखांखाली दोन बोटं धरून तोलून पाहिलं, तर शेपटी खाली गेली. बॅटरी पुढे सरकवली, तरी तेच. मग तिने मला डब्यातून उचललं आणि नाकात चिकटवलं. विमान बोटांवर सरळ राहिलं.

"लोखंड काहून घालून राहिली वो माय? जड नाही होणार?" उत्तमरावांनी विचारलं.

"नाक थोडं जड असलं तर विमान सांभाळता येते, बाबा. शेपटी जड झाली तर हातचं जाते."

मी फुगलो, पण ते फार टिकलं नाही. पुढे ती समजावू लागली. वारा पंखांवरून गेला की विमान वर उचललं जातं, प्रोपेलर पुढे ओढतो, हवा मागे अडवते. आणि वजन? "वजन खाली ओढते." झालं! सगळ्यांत वाईट कोण, तर मीच. पंखांना नारिंगी रंग मिळाला, मला चिकटपट्टी. ती पंखांवरून हात फिरवायची तेव्हा माझा नुसता तिळपापड व्हायचा.

अमरावतीत कॉलेजच्या संघाची निवड होती. जास्त वेळ उडून धड उतरेल त्या विमानाचा मालक संघात. मोनालीने या निवडीवर जीव टाकला होता. सरावाच्या वेळी तिचा वर्गमित्र सौमित्र म्हणाला, "एवढं लोखंड कशाला वाहतेस? काढ ते. हलकं होईल, जास्त उडेल."

आणि तिने ऐकलं! मला गवतात ठेवलं. मी मनातल्या मनात म्हटलं, आता पडाच. विमान उडालं, नाक वर गेलं, आणखी वर गेलं, इतकं की वेगच उरला नाही आणि पंखांना वारा पुरेना. ते जागीच थबकलं आणि गिरकी घेत आदळलं. एक पंख मोडला. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. मोनाली मात्र रडवेली झाली. तिने पंख जोडला आणि मला मुकाट्याने नाकात बसवलं.

निवडीला उत्तमराव मुद्दाम मोर्शीहून आले. विमान झकास चढलं. पंख मिरवत होते, प्रोपेलर गुरगुरत होता, आणि मी अंधारात कुढत होतो. तेवढ्यात बॅटरी उतरली आणि मोटर बंद पडली. शेपटीची झडप हलवण्यापुरती वीज काय ती उरली.

"पडते वो मोना, पडते!" उत्तमराव ओरडले.

मोनालीने नाक किंचित खाली केलं आणि माझी पाळी आली. मी खाली ओढू लागलो. त्या ओढीनेच विमान पुढे सरकत राहिलं, वेग टिकला, आणि वेग टिकला म्हणूनच पंखांना वारा मिळाला. प्रोपेलर गप्प बसून पाहत होता. घसरगुंडीवरून यावं तसे आम्ही अलगद मैदानात उतरलो.

मोनाली संघात गेली. उत्तमराव धावतच आले.

"मशीन बंद झाली तरी पडलं काहून नाही? कोनं आणलं याले?"

मी कान टवकारले. मोनाली आनंदात होती, घाईत होती.

"पंखांनी आणलं, बाबा!"

उत्तमरावांनी दोन्ही पंख कुरवाळले. त्या मोडक्याला तर जरा जास्तच.

मोनाली, तू शिकलेली आहेस, तुला सगळं ठाऊक आहे. मग बाबांची एसटी सुटायच्या आत त्यांना एकदा खरं सांग ना!