चौकातला उद्योजक

माणसाचा सन्मान हीच त्याची खरी मिळकत असते. शालिकराम नाथे ही मिळकत खाली उतरवण्यासाठी सकाळीच शिडी घेऊन चौकात आला होता.

शिडी एका पायाने आखूड होती. चहावाल्या सहदेवने तो पाय आपल्या चपलेने दाबून धरला होता आणि मान वर करून तो फ्लेक्स नव्याने वाचत होता. अकोटच्या त्या चौकात फ्लेक्स लागला त्याला आठवडा झाला होता, पण एवढ्या फुरसतीने तो कोणी वाचला नव्हता. मधोमध खुशालराव होते, कमरेपासून वर, हात जोडलेले. नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं त्यांनी मनाशी ठरवलं होतं आणि वॉर्डातल्या कोणाच्याही घरात काही चांगलं घडलं की ते त्याचा फ्लेक्स लावत. त्यांच्या कोपराखाली एका गोलात करिश्मा होती. ओळखपत्रावरचा फोटो ताणून मोठा केल्यामुळे ती जरा विरघळल्यासारखी दिसत होती. खाली अक्षरं होती : प्रगतिशील बागायतदार व सुप्रसिद्ध पुष्प उद्योजक मा. शालिकरामजी नाथे यांची सुकन्या कु. करिश्मा हिची बी. फार्म.साठी अमरावती येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक म्हणून पुन्हा खुशालराव, या वेळी गॉगल लावून.

बागायत म्हणजे दुसऱ्याच्या शेतात बटाईने केलेला झेंडूचा एक तुकडा. उद्योग म्हणजे एस.टी. स्टँडजवळची हारांची टपरी.

"भाऊ, असं नाव छापून यावं म्हनून लोकं मरतात, अन् तुमी काढून राहिले," सहदेव म्हणाला.

"हातानं धर ना बापा. पायानं काय शिडी धरतं?"

"माहं ऐका. उद्योजक तेवढं कापून टाका. बागायतदार राहू द्या. तेवढं चालते."

शालिकरामने त्यावर खरोखरच विचार केला. मग मान हलवली. अमरावतीच्या ज्या न्यासाकडे करिश्माने मदतीसाठी अर्ज केला होता, त्याच्या नियमांत पहिलाच शब्द 'गरजू' होता. कॉलेजची फी सरकारने मुलींना माफ केली होती. पण अमरावतीत पोरगी राहणार कुठं आणि खाणार काय, हे सरकारने विचारलं नव्हतं. वसतिगृह आणि मेस न्यास देणार होता, चारही वर्षं. न्यासाने नाही म्हटलं तर करिश्मा अकोटातच बी.ए. करणार होती, आणि अकोटात बी.ए. करणाऱ्या पोरींचं पुढं काय होतं हे शालिकरामला चांगलं माहीत होतं. त्यांच्या लग्नाचे हार त्याच्याच टपरीवरून जात. आणि काल फोन आला होता की न्यासाच्या आरती मॅडम आज घरभेटीला येतील. एस.टी.ने येतील. स्टँडवरून घराकडे यायचा रस्ता या चौकातून होता.

त्याने वरच्या दोरीच्या गाठीला हात घातला, तेवढ्यात खाली मोटरसायकल थांबली.

"शालिकभाऊ! वर काय करून राहिले?"

खुशालराव होते. शालिकरामचा हात गाठीवरच राहिला. मग त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि फ्लेक्सवरच्या खुशालरावांचं नाक पुसायला घेतलं.

"धूळ बसली होती भाऊ. जिनिंगचे कापसाचे ट्रक जातात ना अटून."

खुशालराव गाडीवर बसूनच हळवे झाले. "पाह्य सहदेव. मानूस याले म्हनतात."

सहदेवने पाहिलं. शिडीवरून उतरून जायला जागा नव्हती, म्हणून शालिकरामने नाकानंतर कपाळ पुसलं, कपाळानंतर जोडलेले हात. खुशालरावांना दुखावून चालणार नव्हतं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ते स्वतः त्याच्याबरोबर रांगेत उभे राहिले होते. शिवाय टपरी कोणाच्या जागेवर उभी आहे, हा प्रश्न आजवर कोणी काढला नव्हता, तोही खुशालरावांमुळेच.

"अमरावतीच्या मॅडम येऊन राहिल्या ना याच्या घरी," सहदेव म्हणाला. काही सांगायचं राहून गेलं की त्याला चैन पडत नसे.

"मॅडम? अन् मले सांगतलं नाई?" खुशालरावांनी गाडी स्टँडला लावली. "आपल्या वार्डात पाहुना येते अन् सत्कार नाई? शाल-नारयाचं म्या पाह्यतो. हार तू आन. गुलाबाचा आन, बारीक नोको."

"भाऊ, तसं नाई. त्या गरिबी पाहाले येऊन राहिल्या."

"कोनाची?"

"माही."

खुशालरावांनी फ्लेक्सकडे पाहिलं. मग शिडीवरच्या शालिकरामकडे पाहिलं.

"म्हंजे म्या खोटं छापलं?"

"नाई, नाई. छापलं ते बराबर आहे."

"मंग?"

दुपट्टा खांद्यावर टाकून शालिकराम एकेक पायरी उतरला.

घरी मंजुषा दाराशी बसून शेवंती ओवत होती. काल संध्याकाळपासून ती जरा गप्प होती, पण घरभेटीच्या धास्तीने घरात सगळेच गप्प होते, त्यामुळे कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. तिने नवऱ्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि फ्लेक्सचं काय झालं ते विचारलं नाही.

"फ्रीजचं काय करायचं?" शालिकरामने विचारलं. "बाजूच्या घरी नेऊन ठेवू काय?"

"अन् गुलाब कुठी ठेवू? तुमच्या डोक्यावर?"

"बाबा," करिश्मा म्हणाली, "मॅडम आल्या की मी खरं काय ते सांगून देतो. हाय काय त्यात?"

"खरं सांगाले ना नाई वं," शालिकराम म्हणाला. "पन खरं आपल्या तोंडातून येईन. खोटं दहा फुटाचं आहे, अन् रंगीत आहे."

करिश्माने घागरीतलं पाणी बदललं, मग उगाचच पुन्हा बदललं.

शालिकरामने एक तोड काढली. मॅडमना स्टँडवरून चौकातून आणायचंच नाही. जिनिंगच्या मागच्या बोळीतून आणायचं. मग त्याने टपरीवर जाऊन गुलाबाचा हार केला, कारण खुशालरावांनी सांगितला होता. आणि तो सहदेवकडे ठेवून दिला, म्हणजे खुशालराव हार घेऊन चौकात वाट पाहत बसतील आणि आपण मागून निघून जाऊ. आयुष्यात पहिल्यांदाच आपण राजकारण करतो आहोत, असं त्याला वाटलं.

आरती मॅडम एस.टी.तून उतरल्या त्या छत्री आणि कापडी पिशवी घेऊन. पन्नाशीच्या, शिक्षिका असाव्यात अशा चालणाऱ्या. शालिकराम त्यांच्या पुढे चार पावलं राहून बोळीत शिरला. एका बाजूला जिनिंगची भिंत, दुसऱ्या बाजूला उघडी नाली.

"हा जवळचा रस्ता आहे का?"

"हाव, एकदम जवळचा."

भिंत संपता संपेना. शालिकरामला वाटलं, आता एकच वळण. आणि त्या वळणावर नालीच्या कामासाठी बोळ आडवी खोदून ठेवली होती. पलीकडे त्याचं घर दिसत होतं. मंजुषाची साडी दोरीवर वाळताना दिसत होती. मध्ये पुरुषभर खोल खड्डा होता.

"आता?" मॅडम म्हणाल्या.

आता चौक.

खुशालराव तयार होते. शाल होती, नारळ होता, मोबाईल उगारलेले दोन कार्यकर्ते होते, आणि फोटोत मागे काहीतरी भारदस्त यावं म्हणून सगळे नेमके फ्लेक्सखाली उभे होते. मॅडमना काही कळायच्या आत शाल त्यांच्या खांद्यावर आली. हार घालताना खुशालराव क्षणभर थांबले, कारण फोटो हलला होता. मग त्यांनी हार काढला आणि पुन्हा घातला.

"आमच्या वार्डाचं भाग्य," ते म्हणाले, "का आमचे उद्योजक शालिकरामभाऊ, याइच्या घरी आपले पाय लागून राहिले. हे आमचं फुलाइचं मोठं नाव आहे मॅडम. सारे कार्यक्रम याइच्याकडे. मंत्री येवो का संत्री."

शालिकराम आपल्या चपलांकडे बघत होता. उजव्या चपलेचा अंगठा त्याने आठवड्यापूर्वी तारेने बांधला होता. ती तार मॅडमना दिसावी म्हणून त्याने पाय थोडा पुढे केला.

मॅडम वर बघत होत्या. शाळेत पेपर तपासावा तसा त्यांनी फ्लेक्स वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या गॉगलपर्यंत. नारळ त्यांनी पिशवीत टाकला.

"चला, नाथे," त्या म्हणाल्या. 'श्री.' नाही, 'भाऊ' नाही. घरापर्यंतच्या वाटेत शालिकराम त्या एका शब्दाचा अर्थ लावत राहिला.

घरात त्या लाकडी खुर्चीवर बसल्या. गळ्यातला हार काढून त्यांनी मांडीवर ठेवला. मंजुषाने फ्रीज उघडला. आत वरपासून खालपर्यंत गुलाब आणि गजरे होते. ते बाजूला सारून तिने खालचं दुधाचं पातेलं काढलं आणि दार पटकन लावून घेतलं.

"फ्रीजमध्ये फक्त फुलंच?" मॅडमनी विचारलं.

"फुलाइसाठीच घेतला. सेकंडहँड आहे," शालिकराम घाईने म्हणाला. "दार धरून ठेवा लागते त्याचं."

"पण तुम्ही उद्योजक आहात म्हणे."

करिश्मा पुढे झाली. शालिकरामने हाताने तिला थांबवलं. बोलायला तोंड उघडलं आणि त्याला एकदम खुशालराव, टपरी, तहसीलची रांग असं सगळं आठवलं. त्याने तोंड मिटलं.

"मागच्या आठवड्यात मूर्तिजापूरला गेले होते," मॅडम म्हणाल्या. "तिथल्या मुलीचे वडील फ्लेक्सवर शिक्षणमहर्षी होते. शाळेची घंटा वाजवतात." त्या हसल्या नाहीत. "उत्पन्नाचा दाखला आमच्याकडे आलाय. तेवढा पुरतो. उत्पन्न बघायला मी इथवर येत नाही."

शालिकरामचे खांदे खाली आले. आणि लगेच पुन्हा वर गेले.

"मंग?"

"गेल्या वर्षी आम्ही मदत केली त्यातल्या दोन मुलींनी मध्येच कॉलेज सोडलं. लग्न झालं. कॉलेजात शिकतेय म्हटल्यावर स्थळं चांगली येतात, आणि चांगलं स्थळ आलं की शिक्षण राहून जातं. आता न्यासाने ठरवलंय, आई-वडिलांना समोर बसवून विचारायचं. चार वर्षं मुलीचं लग्न करणार नाही ना?"

"नाई करत," शालिकराम म्हणाला. प्रश्न संपायच्या आत म्हणाला.

मॅडम त्याच्याकडे बघत नव्हत्या. "ताई, तुम्ही?"

मंजुषाची सुई शेवंतीत अडकून थांबली होती. तिने वर पाहिलं नाही. करिश्मा आईकडे बघत राहिली, आणि तिचा हात ओढणीच्या टोकाशी गेला. चुलीवर काही नव्हतं, दारात कोणी नव्हतं. उत्तर टाळायला घरात कसलंच निमित्त नव्हतं.

"एक स्थळ आलं होतं," मंजुषा म्हणाली.

"कवा?" शालिकरामने विचारलं.

"काल संध्याकायी, फोनवर. शेंदूरजनाघाटचे लोकं आहेत. संत्र्याचे दोन बगीचे, घरी गाडी. तो खुशालरावचा फ्लेक्स त्याइच्या मोबाईलवर गेला म्हने. पोराची माय म्हने, उद्योजकाची पोरगी आहे, आमाले पसंत आहे. शिकाची गरज नाई."

शालिकरामच्या डोळ्यांपुढे संत्र्याचा बगीचा येऊन गेला, फळांसकट. तो आला हे त्याचं त्यालाच आवडलं नाही, पण तो आला. करिश्माने तेवढ्यात त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने नजर फ्रीजकडे वळवली.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्या म्हटलं, उद्योजक कोनी नाई अटी. टपरीवर हार इकतात. अन् पोरगी शिकाले चालली." मंजुषाने सुई ओढून काढली. "त्या म्हने, मंग फोटोत कावून लिवलं? म्या म्हटलं, फोटो आमचा नाई बाई, खुशालरावचा आहे. आमची पोरगी त्यात कोपऱ्यात आहे. तं फोन ठेवला त्याइनं."

करिश्माने ओढणीचं टोक सोडलं.

"मले सांगतलं नाई," शालिकराम म्हणाला.

"तुमी कालपासून शिडी शोधून राहिले होते."

तिने पुढचं फूल उचललं. मॅडमनी टोपण काढलं, काहीतरी लिहिलं, आणि थंड झालेला चहा न कुरकुरता संपवला. निघताना त्यांनी मांडीवरचा हार मंजुषाच्या हातात दिला. "ताजा आहे," त्या म्हणाल्या. "विकला जाईल."

मंजुषाने तो फ्रीजमध्ये ठेवला आणि दार धरून ठेवलं.

मदत मंजूर झाल्याचा फोन पंधरवड्यात आला. त्यानंतर काही दिवसांनी वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत निघाली आणि खुशालरावांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, म्हणजे त्यांना स्वतःला उभं राहता येणार नव्हतं. तोवर करिश्मा अमरावतीला पोचली होती. पहिल्या रविवारी तिने फोन केला. शालिकरामने खोलीत किती जणी आहेत ते विचारलं, खिडकी आहे का ते विचारलं. मग मंजुषाने फोन घेतला.

"जेवाले काय देतात वं?"

"वांगे," करिश्मा म्हणाली. "रोज."